पुराच्या गावातलं वकिलाचं ऑफिस: वीज नसतानाही चालेल अशी तयारी

प्रश्न थोडक्यात असा आहे: सांगलीत, नदीपासून फार लांब नसलेल्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्यांचं ऑफिस. एक ज्युनिअर, एक कारकून, आणि वडिलांच्या वकिलीपासून साठत आलेल्या फाइल्स. सर्व्हर, अग्निरोधक तिजोरी, दरमहा पैसे भरायची सॉफ्टवेअरं परवडत नाहीत. पूर, आग किंवा आठवडाभर वीज-फोन बंद, यासाठी कमी खर्चात काय करून ठेवता येईल? आणि निकाली फाइल्सच्या ढिगाचं काय करायचं?

अशा वेळी बहुतेक वकील आधी कपाटं बघायला जातात. मी म्हणेन, कपाट राहू द्या, आधी ऑफिसात नेमकं काय आहे ते बघा. आपल्याकडचा बहुतांश कागद दुसरीकडून परत मिळवता येतो. दावा, कैफियत, रोजनामा, उलटतपास हे सगळं न्यायालयाच्या रेकॉर्डला असतं, नकलेचा अर्ज टाकला की मिळतं. सातबारा-फेरफार महसूल खात्याकडे असतात. नोंदणीकृत खरेदीखताची प्रमाणित नक्कल नोंदणी कायद्याच्या कलम ५७ खाली दुय्यम निबंधक कार्यालयातून काढता येते. त्रास होतो, पैसे जातात, पण काम होतं. परत न मिळणाऱ्या गोष्टी दोनच: फक्त तुमच्या डोक्यात किंवा डायरीत असलेली मुदतीची तारीख, आणि नोंदणी न झालेला मूळ कागद. हाताशी असलेला वेळ आणि पैसा आधी या दोहोंवर घाला. मग उरलं तर कपाट.

तारखांपासून सुरू करू.

ज्या प्रकरणांत नेमलेली तारीख चुकते, तिथे फारसं बिघडत नाही. पुरात अडकलेल्या वकिलाला न्यायाधीश समजून घेतात, दावा गैरहजेरीत निघाला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९ खाली पुन्हा उभा करता येतो. खरी भीती मुदतीची आहे, म्हणजे दाखल करायला कायद्याने दिलेल्या दिवसांची, कारण ती न्यायालयाच्या कुठल्याच बोर्डावर, रोजच्या कामांच्या यादीत, लागत नाही. दाखल न झालेल्या अपिलाला ना नंबर असतो ना सीएनआर, म्हणजे संगणकावर प्रकरण शोधायचा क्रमांक. न्यायालयाचं संकेतस्थळ तुम्हाला त्याची आठवण करून देणार नाही. ऑफिस बुडालं आणि डायरी गेली, तर ती मुदत जगात कुठेच लिहिलेली नसते.

पूर आला म्हणजे मुदत आपोआप वाढते असा समज तरुण वकिलांत करोनानंतर पसरला आहे. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता, हे खरं. पण तो देशभराच्या साथीसाठी दिलेला आदेश होता. एका जिल्ह्यात नदी वर आली म्हणून तसं काही होईल, हे गृहीत धरून चालू नका. हाताशी असतात ती मुदत कायद्याची साधी कलमं. कलम ४ सांगतं की मुदतीच्या शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल तर उघडेल त्या दिवशी दाखल करा. याच कलमाचं स्पष्टीकरण फार कामाचं आहे आणि फार कमी जण ते वाचतात: कामकाजाच्या नेहमीच्या वेळेतला काही भाग जरी न्यायालय बंद राहिलं, तरी त्या दिवशी ते बंद होतं असंच धरलं जातं. म्हणजे दुपारी पाणी वाढलं म्हणून न्यायालय लवकर उठलं असेल, तर त्याची लेखी नोंद मिळवा. वकील संघटनेचा ठराव, नोटीस बोर्डावरच्या सूचनेचा फोटो, काहीही चालेल. पण न्यायालय विजयनगरला सुरू आहे आणि तुम्ही गावभागात छातीभर पाण्यात अडकलात, तर कलम ४ उपयोगाचं नाही. मग कलम ५, विलंब माफी. ती अपिलाला आणि अर्जाला मिळते, दाव्याला मिळत नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दावा घेऊन बसलेल्या वकिलाला पूर माफ करत नाही.

काही मुदती तर दगडासारख्या आहेत. लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली निवाडा रद्द करून मागायला तीन महिने, आणि कारण पटलं तर वर आणखी तीस दिवस. त्यापुढे न्यायालयाला अधिकारच नाही. त्या तीस दिवसांतला शेवटचा दिवस सुट्टीत आला तर कलम ४ चा आधारही मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. ग्राहक तक्रारीत उत्तराला तीस अधिक पंधरा दिवस, त्यापुढे घटनापीठाने २०२० साली दार बंद केलं. न वटलेल्या धनादेशाच्या प्रकरणात बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून पंधरा दिवस पैसे द्यायला, आणि ते संपल्यावर महिन्याभरात फिर्याद. यात फिर्यादीचा विलंब न्यायालय माफ करू शकतं, पण नोटिशीची मुदत हुकली तर त्या नोटिशीवर फिर्याद उभी राहत नाही.

म्हणून एक मुदतवही हवी. साधी, शिवलेली, रेघांची वही. त्यात प्रकरण दाखल झालेलं असो वा नसो, ज्याला कायद्याची मुदत लागू आहे ते सगळं येतं: पक्षकाराचं नाव, मुदत कधीपासून मोजली, शेवटचा दिवस कोणता, आणि माफीची सोय आहे की नाही. जिथे माफी नाही तिथे ओळीच्या सुरुवातीला लाल फुली. शेवटचा दिवस लिहिताना जून ते सप्टेंबरमध्ये मी त्याच्या अलीकडची एक दुसरी तारीखही लिहायला लावतो, 'पावसाळी तारीख', निदान दहा दिवस आधीची. लाल फुलीचं काम पावसाळी तारखेच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. एवढा एक नियम पाळला तर पुराच्या आठवड्यात तुमच्या अंगावर येणाऱ्या संकटातलं निम्मं संपतं.

वही बुडाली तर? त्यासाठी कार्बन. स्टेशनरीच्या दुकानात डुप्लिकेट बुक मिळतं, किराणा दुकानदार बिलं फाडतात तसलं, एक पान पक्कं आणि एक फाटणारं. रोज संध्याकाळी कारकून दुसऱ्या दिवशीचा बोर्ड आणि त्या दिवशी पडलेल्या पुढच्या तारखा त्यात लिहितो. प्रत्येक ओळीत प्रकरण क्रमांक, सोळा अक्षरांचा सीएनआर, न्यायालय, टप्पा आणि पुढची तारीख. वरचं पान फाडून ऑफिसाबाहेर जातं, खालचं बुकात राहतं. मुदतवहीत नवी नोंद झाली की तीही त्यावर उतरवायची. फाडलेली पानं तुमच्या घरी, ज्युनिअरच्या घरी, कुठेही, पण ऑफिसच्या इमारतीत नाही आणि शक्यतो नदीच्या त्याच पट्ट्यातही नाही. लिहायला बॉलपेन. फाउंटन पेनची शाई पाण्यात वाहून जाते, बॉलपेनची आणि कार्बनची बरीच टिकते. शिसपेन्सिलीचं तर काहीच होत नाही.

हे मोबाइलवर का नाही, असं ज्युनिअर विचारेलच. मोबाइलवरही ठेवा, मला आक्षेप नाही. पण २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी पहाटे शहरात शिरलं तेव्हा वीजही गेली आणि मोबाइलचं नेटवर्कही. फोनमधल्या याद्या फोनमध्येच राहिल्या. कागदाला चार्जिंग लागत नाही.

पाणी ऑफिसात शिरायलाच हवं असंही नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. फोर्टातल्या वकिलांच्या चेंबरमधले कागद कोरडेच होते, पण उपनगरात राहणारा वकील तिथवर पोचणार कसा? २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद होता. आता कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे, सांगली-साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंतची प्रकरणं तिथे जातात. म्हणजे वारणा आणि पंचगंगा तुमच्या अपिलाच्या वाटेत आल्या आहेत.

यावर उपाय म्हणजे जोडीदार वकील. सांगलीच्या वकिलाने मिरजेचा किंवा विट्याचा धरावा, कोल्हापूर बेंचसाठी कोल्हापूर शहरातलाच एखादा धरावा. वकीलपत्रावर त्यांचं नाव आणि सही आधीपासून असली पाहिजे. पूर आल्यावर वकीलपत्र फिरवता येत नाही. पक्षकाराला हे सांगून ठेवायचं, त्याची संमती घ्यायची. जोडीदाराकडे जातं ते फक्त तारखांचं पान. फाइलमधला मजकूर, पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं काही, हे त्या पानावर येता कामा नये. त्यानेही आपली पानं तुमच्याकडे द्यावीत, म्हणजे व्यवहार एकतर्फी राहत नाही. असे जोडीदार वर्षभर एकमेकांची तहकुबी सांभाळत असतातच, फक्त ते तोंडी असतं. ते कागदावर आणा.

आता मूळ कागद. इथे माझं मत ठाम आहे: वकिलाच्या ऑफिसात पक्षकाराचा मूळ कागद हा पाहुणा असावा, रहिवासी नाही. झेरॉक्स काढा, मूळ कागदाशी ताडून बघा, पोच घेऊन मूळ परत करा. जुन्या पद्धतीत पक्षकार विश्वासाने सगळं बोचकं वकिलाकडे टाकून जायचा आणि वकिलालाही त्यात मोठेपणा वाटायचा. काहींना तर फी थकली की ते बोचकं तारण वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगून ठेवलं आहे की फीसाठी पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही. मग ते सांभाळण्याची जोखीम फुकट कशाला घ्यायची?

सगळे मूळ कागद सारखे मौल्यवान नसतात, हे मात्र कारकुनाला शिकवावं लागतं. जाडजूड, हिरव्या मुद्रांकाचं, चार शिक्क्यांचं खरेदीखत बघून तो ते सगळ्यात आधी उचलेल. वास्तविक त्याचा दस्त क्रमांक, वर्ष आणि दुय्यम निबंधक कार्यालय एवढं तुमच्या यादीत असेल तर त्याची नक्कल निघते. नंबर नसला तर इंडेक्स-२, म्हणजे नोंदणी कार्यालयाची सूची, शोधत बसण्यात आठवडे जातात, म्हणून ते तीन तपशील वहीत हवेतच. आधी उचलायची ती मळकी इसार पावती, शंभराच्या मुद्रांकावरचं नोंदणी न केलेलं वाटणीपत्र, हातउसन्याची चिठ्ठी, वचनचिठ्ठी, न वटलेला धनादेश.

या कागदांची दुहेरी अडचण आहे. मूळ नष्ट झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६० खाली दुय्यम पुरावा देता येतो, हे सगळ्यांना पाठ आहे. पण कागद कमी मुद्रांकाचा असेल तर मूळ असताना शुल्क आणि दंड भरून तो पुराव्यात आणता येतो, नुसती झेरॉक्स असताना येत नाही. १९७१ साली आणि पुन्हा २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: प्रतीवर दंड भरून ती शुद्ध होत नाही. आपल्या भागातले निम्मेअधिक घरगुती व्यवहार कमी मुद्रांकावरच होतात, हे मी वेगळं सांगायला नको. तेव्हा अशी वाटणीपत्राची चिठ्ठी बुडाली की दावाच बुडाला असं समजा. वचनचिठ्ठीचं थोडं बरं आहे. ती हरवली तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ७ रूल १६ खाली हमी देऊन हुकूमनामा मागता येतो, फक्त तिच्यात काय लिहिलं होतं ते सिद्ध करावं लागतं.

असे कागद पक्षकाराच्या बँक लॉकरमध्ये जावेत. लॉकर नसेल तर दाव्याबरोबर लगेच दस्तऐवज यादीने न्यायालयात दाखल करून टाका. पुराव्याच्या वेळी बघू म्हणून फाइलमध्ये ठेवू नका. न्यायालयाचं रेकॉर्ड रूमही बुडू शकतं, जळू शकतं. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा सरकारी फाइलींचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. पण यादीला निशाणी, म्हणजे न्यायालयाचा पुराव्याचा क्रमांक, पडलेला कागद न्यायालयाच्या ताब्यात नष्ट झाला तर त्याचं अस्तित्व कुणी नाकारत नाही. तुमच्या कपाटात नष्ट झाला तर समोरचा वकील पहिला प्रश्न 'असा कागद होता कशावरून' हाच विचारणार, आणि दुसरा तुमच्या निष्काळजीपणाबद्दल.

मृत्युपत्रांचा वेगळा विचार करा. सीलबंद लिफाफ्यात मृत्युपत्र जिल्हा निबंधकाकडे ठेवायची सोय नोंदणी कायद्याच्या कलम ४२ मध्ये आहे. वापरणारे फार थोडे. पक्षकाराला हा मार्ग सांगा, म्हणजे तुमच्या कपाटातला तो लिफाफा कमी होईल. मसुदा मात्र जपून ठेवा. मृत्युपत्र करणाऱ्याच्या कृतीने नव्हे तर अपघाताने मृत्युपत्र नष्ट झालं, तर भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम २३७ खाली जपून ठेवलेल्या प्रतीवर किंवा मसुद्यावरही प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला, मिळू शकतं. म्हणजे आपण कचरा समजतो तो मसुदा एखाद्या दिवशी मृत्युपत्राच्या जागी उभा राहतो.

मूळ कागद परत करूनही काही राहतातच, चालू साक्षीसाठी लागतात म्हणून. त्यांची एक स्वतंत्र वही: कुणाचा, कोणता, कधी आला, कधी परत गेला, पक्षकाराची सही. या वहीचंही कार्बन पान बाहेर. आणि ते सगळे कागद एकाच जागी, एकाच पेटीत. प्रत्येक फाइलमध्ये विखुरलेले मूळ कागद पाणी चढत असताना कुणीही शोधू शकत नाही.

पेटी कसली, तर प्लास्टिकचं जाड निळं पिंप, रबरी वायसर आणि वरून पट्टा आवळायचं झाकण असलेलं. औषध-रसायनवाल्यांकडून रिकामं झालेलं जुन्या बाजारात मिळतं. स्वच्छ धुऊन, पुरतं वाळवून घ्या. ते पाण्यावर तरंगतं, म्हणून त्याला दोरीने वरच्या गजाला बांधून ठेवायचं, नाहीतर सापडेल ते दुसऱ्याच गल्लीत. कागद आत ठेवण्याआधी कोरडे हवेत. पावसाळी दमट हवेत बंद केलेला कागद आतल्या आत बुरशी धरतो. मे महिन्यात भरा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, दिवाळीनंतर उघडून हवा द्या.

लोखंडी कपाटाबद्दल एक गैरसमज मोडला पाहिजे. ते चोराला थोडंफार अडवतं, पाण्याला अजिबात नाही. दाराच्या फटीतून पाणी आत जातं, खच्चून भरलेल्या फाइल्स पाणी पिऊन फुगतात, आणि दार आतून इतकं दाबलं जातं की किल्ली असूनही उघडत नाही. मग लोहार आणावा लागतो, तोवर आत बुरशी. तेव्हा कप्पे सैल भरा. सगळ्यात खालचा कप्पा कोऱ्या कागदांना आणि जुन्या लॉ जर्नल्सना द्या, म्हणजे गेले तरी हळहळ नको. चालू फाइल्स मागच्या पुराच्या खुणेच्या वर. खूण कुठे होती ते शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारा आणि भिंतीवर रंगाने रेघ मारून घ्या. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, हे आकडे सगळ्या सांगलीला माहीत आहेत. तुमच्या भिंतीवरचा आकडा मात्र फक्त तुम्हालाच काढावा लागेल. ती रेघ छताच्या जवळ येत असेल तर पोटमाळ्याचा विचार सोडा आणि पावसाळ्यापुरती वरच्या मजल्यावर कुणाची तरी एक खोली भाड्याने घ्या. इथे पैसे वाचवू नका.

फाइली उचलायचा क्रम आधीच ठरलेला हवा. जुनी रुमालाची पद्धत इथे आजही सरस आहे: चालू फाइल्सचे कापडात बांधलेले, एका माणसाला एका हाताने उचलता येतील एवढेच गठ्ठे. ज्यात मूळ कागद किंवा लाल फुलीची प्रकरणं आहेत त्यांना लाल कापड, बाकी पांढरं. प्रत्येकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी, तिच्यावर पेन्सिलीने क्रमांक. स्केच पेनने लिहिलेलं पहिल्या पाण्यात जातं. वीज नसताना, बॅटरीच्या उजेडात, वकील नसताना, नुसता कारकून आणि शेजारचा पोरगा मिळून लाल गठ्ठे तासाभरात वर नेऊ शकले पाहिजेत. मेअखेर एकदा खरोखर करून बघा. दोन गोष्टी हमखास कळतात: किल्ली एकच आहे, आणि गठ्ठे फार जड आहेत.

कधी उचलायचं हे नदीवर अवलंबून आहे. कृष्णा सांगून येते. कोयनेचा विसर्ग, पुलावरचे फूट-इंच याच्या बातम्या तासातासाला येत असतात, त्यामुळे तुम्ही आकडा ठरवू शकता: ३५ फुटांना लाल गठ्ठे वर, ४० ला उरलेले, त्यानंतर माणसं आत थांबणार नाहीत. 'मागच्या वेळी इथवर आलं नव्हतं' या वाक्यावर ऑफिसात बंदी घाला. चिपळूण-महाडसारख्या ठिकाणी, जिथे डोंगरातला पाऊस आणि भरतीचं पाणी एकमेकांना भेटलं की काही तासांत सगळं होतं, तिथे आकड्याची चैन नाही. तिथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत लाल गठ्ठे वरच राहतील, रोजच्या कामापुरतं खाली आणायचं आणि संध्याकाळी परत.

दाराशी एक पिशवी भरलेली असावी. मुदतवही आणि मूळ कागदांची वही, वकील-पक्षकार-जोडीदार-न्यायालय यांचे फोन नंबर कागदावर, कोरी वकीलपत्रं, तहकुबीच्या आणि विलंब माफीच्या अर्जाचे छापील नमुने, कोर्ट फीची लेबलं, लेटरहेड, शिक्का आणि पॅड, कार्बन, बॉलपेनं, बॅटरी, थोडी रोकड. एटीएम बंद पडतात आणि पेट्रोल पंपावर कार्ड चालत नाही, तेव्हा रोकडीची किंमत कळते. हस्तलिखित अर्जाची लाज बाळगू नका. टायपिस्टकडे वीज नाही म्हणून अर्ज थांबवलेला मी पाहिला आहे, आणि त्याच दिवशी फुलस्केपवर हाताने लिहिलेला दुसऱ्याचा अर्ज मंजूर होतानाही पाहिला आहे.

पाणी ओसरल्यावर पहिल्या दिवशी हात आवरा. मेन स्विच बंद असल्याची खात्री, हातमोजे, गमबूट, आणि काहीही हलवण्याआधी फोटो. गावातला पंचनामा होतो तेव्हा घराच्या भांड्याकुंड्यांबरोबर कागदपत्रांचाही उल्लेख करून घ्या. महसूल कर्मचारी तो आपण होऊन करत नाहीत. पुढे नुकसान शाबीत करताना तुमच्या शपथपत्राला त्याचाच टेकू लागतो.

ओल्या कागदावर साधारण दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. सगळ्या फाइल्स तेवढ्या वेळात वाळवणं शक्य नसतं, म्हणून निवड करा. नक्कल मिळू शकेल असा कागद बाजूला ठेवा, लाल गठ्ठ्यांना हात घाला. चिखल असेल तर फाइल मिटलेलीच ठेवून स्वच्छ पाण्यात अलगद बुडवून काढा. पण फाउंटन पेनचं किंवा इंकजेटचं लिखाण असेल तर पाणी दाखवू नका, शाई उरलीसुरली जाईल. लेझर प्रिंट आणि झेरॉक्स पाण्याला घाबरत नाहीत. चिकटलेली पानं ओढू नका. पंख्याखाली, सावलीत, मध्ये कोरे शोषक कागद घालून वाळवा आणि ते कागद बदलत राहा. छापील वर्तमानपत्राची शाई ओल्या दस्तावर उतरते, ते टाळा. ऊन, इस्त्री, हेअर ड्रायर यांनी कागद वेडावाकडा होतो आणि चिकटलेला कायमचा चिकटतो. लॅमिनेशन तर करूच नका: अंगठा आणि सही तपासणीला पाठवायची वेळ आली की हस्ताक्षर तज्ज्ञ कपाळाला हात लावतो.

वाळवणं आवाक्याबाहेर असेल तर गोठवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, शाई पसरायची थांबते, मग सवडीने थोडे थोडे काढून वाळवता येतात. थोडेथोडे कागद प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून आइस्क्रीमवाल्याच्या किंवा मासळीच्या डीप फ्रीझरमध्ये. सांगली-तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचा मोह होईल, जागा भरपूर असते, पण तिथे थंडावा असतो, गोठण नसतं. बुरशी मंदावेल, थांबणार नाही. दोन-चार दिवसांची सोय म्हणून ठीक.

जे गेलं त्याची कबुली पक्षकाराला लवकर आणि लेखी द्या. मूळ खरेदीखत गेलं असेल तर पोलिसांत नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि नुकसानीचं शपथपत्र हे लगेच उरकून घ्या. पाच वर्षांनी त्या जमिनीचा व्यवहार निघाला की घेणारा विचारणारच, मूळ कागद कुठल्या बँकेत तारण आहे म्हणून. मोबाइलमध्ये कागदाचा जुना फोटो सापडला तर तो कामाचा आहे, पण त्याला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. फोटो कुणी, कधी, कुठल्या फोनवर काढला ते आठवणीत आहे तोवर लिहून ठेवा. आणि विमा असेल तर पॉलिसी उघडून वाचा. आग आणि पुराच्या पॉलिसीत फर्निचर, संगणक येतात, दस्तऐवज मात्र स्पष्ट लिहून घेतल्याशिवाय सहसा येत नाहीत. ते लिहून घेतले तरी मिळतो तो पुन्हा प्रती काढण्याचा खर्च. बुडालेल्या इसार पावतीची किंमत कोणतीही कंपनी देणार नाही.

राहिल्या वडिलांच्या निकाली फाइल्स. त्या ठेवण्यात भावना आहे, हे मी समजू शकतो, पण पुराच्या दृष्टीने तो ढीग शत्रू आहे. तो चांगली जागा अडवतो आणि त्यात कुठेतरी एखादा मूळ कागद दडलेला असतो म्हणून टाकताही येत नाही. उन्हाळी सुट्टीत ज्युनिअरला बसवा. प्रत्येक फाइलमधून मूळ कागद बाहेर काढून पक्षकाराला, तो नसेल तर वारसाला, स्पीड पोस्टने कळवून पोच घेऊन परत. न्यायालयात दाखल केलेले मूळ कागद अपिलाची मुदत संपल्यावर परत मागायचे राहून गेलेत का, तेही त्याच वेळी बघा. कितीतरी जणांची खरेदीखतं अजून न्यायालयाच्या रेकॉर्डमध्येच पडून असतात. निकालपत्र, हुकूमनामा, वकीलपत्र, पोच पावत्या आणि मृत्युपत्रांचे मसुदे एका पातळ फाइलमध्ये ठेवा. थर्मल कागदावरच्या पोस्टाच्या पावत्यांची झेरॉक्स काढा, त्या पुराविनाही पांढऱ्या पडतात. उरलेलं रद्दीवाल्याला तसंच देऊ नका. घटस्फोटाच्या अर्जाचं पान भेळेच्या पुडीला आलेलं कुणालाच परवडणार नाही. फाडून, भिजवून लगदा करा, किंवा पुठ्ठ्याच्या कारखान्यात स्वतः उभं राहून टाकून घ्या.